केसांत तारे माळलेली सम्राज्ञी

चित्र जरा झूम करून बघा. घट्ट वळलेल्या तपकिरी वेण्या आणि त्यांत खोचलेले हिऱ्यांचे तारे. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सगळ्यांची लाडकी ‘सिसी’. जर्मन चित्रकार फ्रान्झ विंटरहाल्टर याने १८६५ मध्ये हे तैलचित्र रंगवलं, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती.

चित्र चांगलं अडीच मीटर उंच आहे. सिसी पाठमोरी वळून खांद्यावरून आपल्याकडे बघते. हातात मिटलेला पंखा आणि अंगात पांढराशुभ्र, चंदेरी चमचमणारा घेरदार गाऊन. विंटरहाल्टरची खरी कमाल त्या झिरझिरीत कापडात आहे. लांबून झुळझुळणारं टूल (जाळीदार कापड) दिसतं, जवळ गेलं की नुसते ब्रशचे हलके फटकारे!

सिसीचे केस घोट्यापर्यंत पोचायचे. रोजची केशरचना दोन-तीन तास चालायची आणि त्या वेळात ती ग्रीक, हंगेरियन शिकायची. केस धुवायला अंडी आणि कोन्याक ब्रँडी!

याच चित्रकाराने तिला मोकळ्या केसांतही रंगवलं. ते चित्र मात्र दरबारासाठी नव्हतं, तिच्या नवऱ्याने, सम्राट फ्रान्झ योझेफने, ते आपल्या अभ्यासिकेत ठेवलं.

आणखी एक गंमत: सिसीच्या हिऱ्यांच्या ताऱ्यांपैकी एक १९९८ मध्ये व्हिएन्नाच्या शोनब्रून राजवाड्यातल्या प्रदर्शनातून चोरीला गेला आणि २००७ मध्ये थेट कॅनडात सापडला!

तुम्हाला कोणती सिसी जास्त आवडते, ताऱ्यांची की मोकळ्या केसांची?

#चित्रकला #सिसी #व्हिएन्ना