वर्षातून दोनदा उघडणारं दुकान

मांडव्याच्या धक्क्यापासून हरिहरेश्वरापर्यंत रायगडचा किनारा पालथा घाला आणि ‘इथे पुस्तकांचं दुकान कुठे?’ असं विचारत जा. बहुतेक गावांत बोट स्टेशनरीच्या दुकानाकडे दाखवलं जाईल. तिथे दर्शनी भागात वह्या, कंपासपेट्या आणि गाइडं. त्यांच्या मागे आरतीसंग्रह, पंचांग, ‘कालनिर्णय’. अगदी वरच्या फळीवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी ‘श्यामची आई’ आणि ‘मृत्युंजय’. एसटी स्टँडवर स्टॉल असलाच तर रहस्यकथा, पाककृती आणि गेल्या दिवाळीचे उरलेले अंक. तासभर हरवून जावं अशी दुकानं मुंबई-पुण्याची, किनाऱ्याच्या वाट्याला एक फळी, असंच वाटतं.

पण महाराष्ट्रातलं एक अजब पुस्तकाचं दुकान याच जिल्ह्यात आहे. त्याला भिंती नाहीत, पाटी नाही, मालक एक नाही, आणि ते वर्षातून दोनदाच उघडतं. महाडला, २० मार्चच्या आणि २५ डिसेंबरच्या सुमारास.

महाड किनाऱ्यावर कुठे, असं कुणी म्हणेल. नकाशावर ते आत दिसतं खरं, पण सावित्रीच्या खाडीनं समुद्र त्याच्या उंबऱ्याशी आणून ठेवला आहे. जवळचं दासगाव हे एकेकाळचं चालतं बंदर. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला निघताना ते मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरले. मोटारवाले ऐन वेळी अडवतील, ही भीती होती. २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला जागा द्यायला गावात कुणी तयार नव्हतं, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली.

या इतिहासाला छपाईचं एक शेपूट आहे, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला दोन आठवडे होतात न होतात तोच, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांचं ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झालं. महाडला काय घडलं, कुणी काय केलं, हे आपल्याच शब्दांत छापून लोकांच्या हातात द्यायचं होतं. पाण्यापाठोपाठ कागद आला. तेव्हापासून या तळ्याशी माणसं जमली की छापील काहीतरी तिथे असणारच, अशी जणू रीतच पडली.

आता महाडचा त्या दोन दिवसांचा बाजार पाहा. रस्त्याच्या कडेला ताडपत्री किंवा पोतं, फार झालं तर चार बांबूंवर कापड. निळे फेटे, बिल्ले, बुद्धमूर्ती, भीमगीतांचे स्पीकर, वडापाव, आणि या सगळ्याच्या मधोमध पुस्तकांचे ढीग. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ विटेसारखा जाड. भारताचं संविधान मराठीत. जोतीराव फुल्यांची १८७३ सालची ‘गुलामगिरी’, नव्या मुखपृष्ठात. जातिनिर्मूलनावरचं बाबासाहेबांचं न झालेलं भाषण. ते १९३६ साली लाहोरला व्हायचं होतं. आयोजकांनी कच खाल्ली, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतःच छापलं. सभागृहात न पोचलेलं भाषण आज रस्त्यावर विकलं जातं! महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढलेले, वसंत मून यांनी संपादनाची पायाभरणी केलेले इंग्रजी खंड कुठे दिसले तर त्यांच्याभोवती गर्दी जमते, कारण ते जाड, स्वस्त आणि हवे तेव्हा न मिळणारे.

खरी गंमत मात्र जाड पुस्तकांत नाही, ती चोपड्यांत आहे. दहा-वीस रुपयांच्या, दोन पिना मारलेल्या. अशी चोपडी इतक्या स्वस्तात कशी परवडते, हे समजून घ्यायला एक कोरा कागद घ्या आणि तीनदा घडी घाला. आठ पानं होतात, म्हणजे सोळा पृष्ठं. छापखान्यात यालाच फॉर्मा म्हणतात. मोठ्या कागदाच्या एका बाजूवर आठ पृष्ठं, दुसऱ्या बाजूवर आठ, मग घडी, पिन, कापणी, आणि झालं पुस्तक. घडी घातलेल्या कागदावर पृष्ठांचे आकडे टाका आणि तो पुन्हा उलगडा. आकडे वेड्यासारखे विखुरलेले दिसतात, काही तर चक्क डोक्यावर उभे. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६. दुसऱ्या बाजूला उरलेले. पण कण्याच्या घडीशी जी दोन पृष्ठं शेजारी येतात त्यांची बेरीज करून पाहा. १ आणि १६, ४ आणि १३, ५ आणि १२, ८ आणि ९. दर वेळी १७! बत्तीस पृष्ठांची एकात एक घातलेली चोपडी असेल तर ३३. छापखान्यातला माणूस हे गणित म्हणून शिकत नाही, त्याच्या हाताला ते ठाऊक असतं. आणि एक फॉर्मा म्हणजे एकच कागद, म्हणून ती चोपडी दहा रुपयांत देऊनही विकणाऱ्याच्या हाती काही उरतं.

विकणाऱ्यांचं म्हणाल तर त्यांचं एक फिरतं वर्ष असतं. १ जानेवारीला कोरेगाव भीमा, २० मार्चला महाड, १४ एप्रिलला जिथे जयंती मोठी तिथे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी आणि २५ डिसेंबरला पुन्हा महाड. छोटा प्रकाशक अनेकदा स्वतःच लेखक, स्वतःच हमाल आणि स्वतःच गल्ल्यावर. गिऱ्हाईक ‘दादा, बाबासाहेबांचं बारक्यांसाठी काही आहे का?’ असं विचारतं, आणि दादा ढिगाच्या तळातून नेमकं ते काढतो. एखादी आजी, जिला स्वतःला वाचता येत नाही, नातवासाठी पाच चोपड्या घेते आणि पैसे मोजताना भाव करत नाही. भाव फेट्याचा होतो, पुस्तकाचा क्वचितच.

हे दुकान वर्षभर का नाही चालत? हिशेब साधा आहे. पुस्तकविक्रेत्याला छापील किमतीचा साधारण तिसरा हिस्सा सुटतो. समजा, मुरूडच्या बाजारपेठेत कुणी फक्त पुस्तकांचं दुकान टाकलं आणि दिवसाला दोनशेची तीन पुस्तकं विकली, तर हाती दोनशे रुपये. त्यातून भाडं, वीज, पोरग्याचा पगार. म्हणून वह्या विकाव्या लागतात आणि पुस्तक वरच्या फळीवर जातं. महाडच्या ताडपत्रीला हे काहीच लागू नाही. आणि दुकान वाचकाची वाट पाहत बसत नाही, वाचक आधीच हजारोंनी जमलेले असतात, त्यांच्या पायाशी ते येऊन उघडतं.

दुसरं कारण हवेतलं. या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पुस्तकाचा शत्रू पावसापेक्षा त्याची दमट हवा. कागद म्हणजे लाकडाच्या तंतूंची चटई. तंतू ओलावा पितो तेव्हा लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. कारखान्यात कागद बनताना बहुतेक तंतू एकाच दिशेला निजतात. त्यामुळे ओल आली की कागद एका दिशेनं वाढतो, दुसऱ्या दिशेनं जागच्या जागी राहतो. तंतू कण्याला समांतर असतील तर पानं मुकाट फुगतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सरळ होतात. आडवे असतील तर कण्याशी डिंकानं धरलेलं पान फुगू पाहतं, डिंक सोडत नाही, आणि पुस्तकाला लाटा येतात. घरातल्या दोन पुस्तकांपैकी एक पावसाळ्यात सपाट का राहतं आणि दुसरं पापडासारखं का होतं, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच. त्यानंतर बुरशी येते, मग कसर. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटात वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा पाला ठेवायची पद्धत होती. पुस्तकाला त्याचा वास महिनोन् महिने यायचा. दुकानदार हे हजार पुस्तकांना कसं करणार? जूनमध्ये तो प्लॅस्टिक चढवतो, आणि प्लॅस्टिकच्या आत अडकलेली ओल आपलं काम चालू ठेवते.

पूर आला तर वेखंडही हात टेकतो. २०२१ च्या जुलैत सावित्रीनं महाड बुडवलं. त्याच दिवसांत वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, २००५ नंतर दुसऱ्यांदा. व्हेनिस शहरातल्या ‘लिब्रेरिया आक्वा आल्ता’ या दुकानानं याच्यावर तोडगा काढला आहे. तिथे भरतीचं पाणी आत येतं, म्हणून पुस्तकं एका आख्ख्या गोंडोलात, न्हाणीच्या टबांत आणि पिंपांत रचलेली असतात. भिजून निकामी झालेल्या ज्ञानकोशांचा मागच्या अंगणात जिना केला आहे, आणि पर्यटक त्यावर चढून फोटो काढतात. आपल्याकडे होडीत पुस्तकं मांडायला होड्यांची वाण नाही. पण ज्ञानकोशावर पाय द्यायचा म्हटलं तर आपला पाय उचलणार नाही. चुकून वहीला लागला तरी आपण नमस्कार करतो.

अलिबागकरांना फळीपलीकडचं काही हवं झालं तर पूर्वीपासून एक वाट आहे, पाण्यावरून. मांडव्याहून लाँचनं साधारण तासाभरात गेटवे, आणि तिथून वीसेक मिनिटं चाललं की फ्लोरा फाउंटन. मुंबईनं आपली चुंबकीय वेधशाळा विजेच्या ट्राममुळे मोजमापं बिघडतील या भीतीनं १९०४ च्या सुमारास अलिबागला धाडली, पण पुस्तकाची दुकानं मात्र आपल्यापाशीच ठेवली. टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला. तोच पुढे फोर्टमधला ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ झाला. मोठं दुकान झाल्यावरही त्यांनी नावातला ‘स्टॉल’ काढला नाही. शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली, २००९ मध्ये ते गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकान मिटलं. फाउंटनजवळचं ‘किताबखाना’ २०११ चं. २०२० च्या डिसेंबरात तिथे आग लागली. आगीनं गेलं तेवढंच ती विझवणाऱ्या पाण्यानं गेलं, तरी पुढच्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. उंच छत, लाकडी कपाटं, वर माडी, आणि मराठी पुस्तकांना मानानं दिलेली जागा. समोरच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग आहेतच. तिथे दुपारी उन्हात उभं राहून चाळायला वेगळीच मजा येते. मला विचाराल तर वातानुकूलित माडीपेक्षा थोडी जास्तच.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. म्हणजे वाचायला सगळ्यात जास्त वेळ असतो तेव्हाच ही वाट मिटते, आणि मग पोस्टावर भिस्त. छोट्या प्रकाशकांचा जीव ज्यावर टिकला होता ती रजिस्टर्ड बुक पोस्टाची स्वस्त सोय २०२४ च्या डिसेंबरात अचानक बंद झाली. शंभर रुपयांच्या पुस्तकाला टपालखर्च त्याच्या आसपास जाऊ लागला. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, वर कर. रस्त्यानंच जातं, त्यामुळे सावकाश पोचतं, पण श्रीवर्धनच्या वाचकाला पुण्याच्या प्रकाशकाकडून तीन पुस्तकं मागवायला आता पुन्हा धीर होतो.

महाडला जायचं असेल तर दोन तारखांमधली २५ डिसेंबर निवडावी. हवा कोरडी असते, कागद कडक असतो. दादरच्या ६ डिसेंबरला संपलेली पुस्तकंही तोवर पुन्हा छापून आलेली असू शकतात. सुटे पैसे आणि कापडी पिशवी न्यावी. सकाळी लवकर पोचावं, कारण शासनाचे खंड कुणाकडे असलेच तर ते आधी उडतात. चोपड्या मात्र शेवटपर्यंत असतात; दुपार कलली की पुढच्या गाडीची वेळ गाठायची म्हणून विकणाराच तीनावर एक फुकट देतो.