रम थंडीचीच?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे डिसेंबर लागला की रमची बाटली निघते आणि होळी झाली की ती बिअरला जागा करून देते. ‘रम गरम असते’ एवढंच त्यामागचं शास्त्र. वास्तविक रम वाढली कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत, जिथे हिवाळा नावालाच. रम, लिंबू, साखर आणि बर्फाची डायकिरी क्युबातली. आपल्याकडे रमला स्वेटर चढवला तो बहुधा फौजी कॅन्टीननं.

ऊब वाटते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात म्हणून. आतली उष्णता कातडीशी येते, बाहेर निघून जाते आणि शरीर उलट गारठतं. मे महिन्यातला समजही तितकाच पोकळ: बर्फ घातलेलं कॉकटेल म्हणे उन्हाळा मारतं. दारूनं लघवी वाढते, अंगातलं पाणी घटतं. लू वाहत असताना मठ्ठाच प्यावा. रम ऊन कलल्यावर, मोजून, आणि सोबत साधं पाणी.

‘काळी म्हणजे जुनी आणि कडक’ हेही तसंच. भट्टीतून उतरलेली रम पाण्यासारखी स्वच्छ असते. रंग येतो ओकच्या पिंपातून, नाहीतर जळक्या साखरेच्या कॅरामलमधून, पुष्कळदा दोन्हींतून. कडकपणा लेबलवर वाचावा: देशी बाटल्यांवर बहुधा ४२.८ टक्के, मग रम पांढरी असो की काळी. वयाची तुलनाही जपून करावी. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के दारू उडते, आपल्या उष्ण हवेत त्याच्या कितीतरी पट. त्याच उष्णतेमुळे इथली रम लवकर मुरते.

‘क्राफ्ट’ या शब्दालाही भुलू नये. छोट्या प्रमाणावर, निगुतीनं केलेली, इतकंच त्यातून समजायचं. गोव्यातल्या ‘माका झाई’, ‘सेग्रेदो अल्देया’सारख्या रमांनी दुकानातल्या फळीवर ‘ओल्ड मंक’च्या शेजारी जागा मिळवली, हे खरं. पण विचारायचं ते हे, की रम मळीची, गुळाची की थेट उसाच्या रसाची? (गंमत म्हणजे आपली स्वस्त ‘व्हिस्की’ही बरीचशी मळीच्याच स्पिरिटवर उभी आहे.) मोहाची मात्र रम होत नाही, रम उसाचीच. मध्य प्रदेश सरकारनं ‘हेरिटेज मद्य’ म्हणून मोहाच्या दारूला वेगळा परवाना दिला, तो योग्यच.

राहिला प्रश्न काळी रम कॉकटेलला जड पडते का याचा. कोलात बुडवली तर गोडावर गोड, जड पडणारच. त्यापेक्षा संत्रा घ्यावा. मृग बहाराचा संत्रा मार्च-एप्रिलपर्यंत मिळतो. रमच्या गुळमट, भाजक्या चवीला तो छान जुळतो. ‘संत्र्याचा रस कडू होतो, म्हणून चालत नाही’ असं बागाईतदारही म्हणतात. रस ठेवला तर कडू होतो, हे बरोबर. बिया आणि पांढऱ्या सालपटातून लिमोनिन तयार होतं आणि तासा-दोन तासांत जीभ ते ओळखते. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, हलक्या हातानं पिळावा आणि लगेच वापरावा. ३० मिली रम, तिप्पट रस, अर्ध्या लिंबाचा रस (आपला संत्रा आंबटपणात कमी पडतो), चिमूटभर सैंधव, भरपूर बर्फ आणि वरून सोडा. साखर नको, ती संत्र्यात आहेच. मे महिन्यात संत्रा संपला, की त्याच मापात कैरीचं पन्हं घ्यावं, फक्त लिंबू वगळून.