मातीचा प्रातिनिधिक नमुना : परीक्षणाची सुरुवात शेतातच

बी.एस्सी. (कृषी) अभ्यासक्रमात मृदाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत तुम्ही सामू, सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश मोजायला शिकता. पण नमुनाच चुकीचा असेल, तर प्रयोगशाळेतील अचूक मोजणीही ती चूक दुरुस्त करू शकत नाही. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या घटकात पाहू.

१. नमुना किती लहान असतो?

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यातील वरचा १५ सेंमीचा थर घेतला, तर मातीचे घनफळ १,५०० घनमीटर होते. मातीची स्थूल घनता १.५ धरल्यास तिचे वजन सुमारे २२.५ लाख किलो भरते. प्रयोगशाळेत आपण त्यातून फक्त अर्धा किलो नेतो. सेंद्रिय कर्बासाठी तर साधारण एक ग्रॅम मातीच वापरतो. या चिमूटभर मातीने संपूर्ण शेताची साक्ष द्यायची असते.

२. एका उदाहरणाने समजून घेऊ

समजा, एका शेतात बहुतेक ठिकाणी उपलब्ध नत्र हेक्टरी २०० किलो आहे. पण जिथे शेणखताचा ढीग होता, तिथे ते ६०० किलो आहे. दोनच ठिकाणची माती घेतली आणि त्यातले एक ठिकाण ढिगाचे निघाले, तर सरासरी ४०० येते. हेक्टरी २८० ते ५६० किलो हा वर्ग 'मध्यम' मानला जातो, म्हणून अहवालात 'मध्यम' लिहिले जाईल. दहा ठिकाणची माती घेतली आणि त्यात ढिगाची एक जागा आली, तरी सरासरी २४० येते, म्हणजे वर्ग 'कमी'. हेच शेताचे खरे चित्र आहे.

आता परिणाम पाहा. बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस धरू. 'कमी' वर्गात शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त खत द्यावे, अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणजे या शेताला १५० किलो नत्र हवे होते. चुकीच्या अहवालामुळे पिकाला ३० किलो नत्र, म्हणजे सुमारे ६५ किलो युरिया, कमी पडेल. उलट चूक झाली, तर तेवढ्या खताचा पैसा वाया जाईल. दोन्ही वेळा नुकसान शेतकऱ्याचेच होते.

३. नमुना कसा घ्यावा?

- जमिनीचा रंग, उतार, पोत किंवा पीक वेगळे असेल, तर शेताचे तसे भाग पाडून प्रत्येक भागाचा स्वतंत्र नमुना घ्यावा.
- प्रत्येक भागात नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणे निवडावीत. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळचा भाग, पाणथळ जागा आणि खताच्या ढिगाची जागा टाळावी.
- पृष्ठभागावरील काडीकचरा बाजूला करावा. हंगामी पिकांसाठी १५ ते २० सेंमी खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची सारख्या जाडीची माती वरपासून खालपर्यंत घ्यावी.
- सर्व माती एकत्र मिसळून तिचे चार समान भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग काढून टाकावेत. अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृती पुन्हा करावी.
- माती सावलीत वाळवावी. खताची रिकामी गोणी वापरू नये. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असल्यास जस्ताचा मुलामा असलेले घमेले व गंजलेली अवजारे टाळावीत.
- नमुना पीक काढणीनंतर व पुढील पिकाला खत देण्यापूर्वी घ्यावा.

४. अहवाल वाचताना

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक तपासले जातात. सुरुवातीच्या टप्प्यात बागायतीत २.५ हेक्टर आणि जिरायतीत १० हेक्टर क्षेत्रामागे एक नमुना घेतला जात असे. एवढ्या क्षेत्रात अनेकांची शेते येऊ शकतात. म्हणून पत्रिकेवरून सल्ला देण्यापूर्वी "ही माती नेमकी कुठली?" हे आधी विचारा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात वीस ठिकाणची माती घेतली आणि त्यात ढिगाची एकच जागा आली, तर सरासरी नत्र किती येईल?
२. एका शेताचा निम्मा भाग चढाचा व निम्मा सखल आहे. दोन्हींचा एकच नमुना घेतल्यास शिफारस कोणत्या भागासाठी चुकेल? कारण लिहा.