बांधकाम साहित्याची चाचणी आणि प्रयोगशाळेची शिस्त

शाळा असो, आरोग्य केंद्र असो वा खाडीवरील पूल असो, त्याचा उपयोग करणारा नागरिक त्यातील काँक्रीटची पारख स्वतः करू शकत नाही. वरून गिलावा झाला की बरे आणि वाईट सारखेच दिसते. ही पारख त्याच्या वतीने साहित्य चाचणी प्रयोगशाळा करीत असते. मात्र यंत्रे आहेत एवढ्यावरून प्रयोगशाळेचा अहवाल विश्वसनीय ठरत नाही. नमुना घेतल्यापासून अहवालावर सही होईपर्यंत पाळली जाणारी शिस्त हाच त्याचा खरा आधार होय.

नमुन्याची ओळख

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार ५ घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटसाठी एक, ६ ते १५ घनमीटरसाठी दोन, १६ ते ३० साठी तीन व ३१ ते ५० साठी चार नमुने घ्यावयाचे असतात. त्यापुढील प्रत्येक ५० घनमीटरला वा त्याच्या भागाला आणखी एक. प्रत्येक नमुन्यातून तीन ठोकळे तयार करतात; कामावर त्यांना क्यूब म्हणतात. क्यूबसाठी निराळा, चांगला माल कालवला गेला तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होय. म्हणून नमुना घेताना खात्याचा अभियंता समक्ष हजर असावा आणि क्यूबवर तारीख व क्रमांक त्याच वेळी घातला जावा. प्रयोगशाळेत आल्यावर क्यूबला केवळ नोंदवहीतील क्रमांक असावा. कंत्राटदाराचे नाव चाचणी करणाऱ्यास कळण्याचे कारण नाही.

हौद आणि यंत्र

साच्यातून काढलेले क्यूब २७ अंश सेल्सियस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात ठेवतात; त्यात दोन अंशांपेक्षा अधिक फरक चालत नाही. हौदाच्या तापमानाची नोंद रोज व्हावी आणि पाणी दर सात दिवसांनी बदलले जावे. काँक्रीटचे सामर्थ्य २८ व्या दिवशी मोजतात. तो दिवस रविवारी अथवा चतुर्थीच्या सुटीत आला तरी चाचणी चुकता कामा नये. ही तजवीज आगाऊ करणे हे व्यवस्थापकाचे काम आहे.

एम-२० प्रतीच्या काँक्रीटकडून दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सामर्थ्य अपेक्षित असते. १५० मिलिमीटर बाजूच्या क्यूबवर हा भार सुमारे ४६ टन होतो. यंत्र ५ टक्के जास्त दाखवीत असेल तर १९ न्यूटनचा क्यूब जवळजवळ २० चा भासेल आणि दोष झाकला जाईल. भार ठरल्यापेक्षा घाईने दिला तरी आकडा वाढतो. यासाठी यंत्राचे ठराविक मुदतीने अंशशोधन करणे व त्याचा दाखला नोंदीस ठेवणे अगत्याचे आहे. तिन्ही क्यूबपैकी एखाद्याचा आकडा सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर गेल्यास तो नमुना ग्राह्य धरता येत नाही.

अहवालाचे धैर्य

खरी कसोटी लागते ती प्रतिकूल आकडा आल्यावर. अठ्ठावीस दिवसांत त्या स्लॅबवर दुसरा मजला उभा राहिलेला असतो आणि प्रतिकूल अहवाल कोणालाच नको असतो. म्हणूनच सातव्या दिवशीच्या चाचणीतून मिळणारी पूर्वसूचना मोलाची ठरते. आकडा कमी आल्यास तो त्याच दिवशी संबंधित अभियंत्यास कळवावा. मनाजोगता आकडा येईपर्यंत नवे क्यूब मागवीत राहू नये. कमी आकडा म्हणजे लगेच पाडापाडी असेही नाही. प्रत्यक्ष बांधकामातून गाभा कापून तपासता येतो. त्याचे सरासरी सामर्थ्य त्या प्रतीच्या क्यूब-सामर्थ्याच्या ८५ टक्के असेल आणि कोणताही एक गाभा ७५ टक्क्यांखाली नसेल, तर ते काँक्रीट मानकाप्रमाणे स्वीकारार्ह ठरते.

चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकानेही निःपक्षपातीपणाला अग्रस्थान दिले आहे. कामाच्या प्रगतीचा जाब ज्याला द्यावयाचा आहे त्याच्याच हाताखाली प्रयोगशाळा राहिली, तर तिच्यावर दडपण येणे साहजिक आहे. तिचा प्रमुख त्यापासून स्वतंत्र असावा. प्रयोगशाळेवरील खर्च हा बांधकामावरील जादा भार नव्हे. त्या छपराखाली वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेची ती किंमत आहे, आणि ती शासनाने व कंत्राटदाराने आनंदाने मोजली पाहिजे.