एक मतदारसंघ, दोन खासदार, प्रत्येक मतदाराला दोन मतं!

आज नकाशावर नसलेला ‘मुंबई शहर उत्तर’ हा १९५२चा लोकसभा मतदारसंघ प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवा. ही द्विसदस्य जागा होती : एक खासदार सर्वसाधारण, दुसरा अनुसूचित जातींसाठी राखीव.

तेव्हा मतपत्रिकेवर नावं नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह : काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, समाजवाद्यांचं झाड. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. तसं केलं की एक मत बाद!

राखीव जागेवर उभे होते खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समाजवादी पक्षाशी त्यांच्या फेडरेशनची युती होती आणि सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता होते. निकालात दोघंही पडले. काँग्रेसचे वि. बा. गांधी आणि नारायण काजरोळकर निवडून आले. काजरोळकरांनी बाबासाहेबांना सुमारे १४ हजार मतांनी हरवलं. बाद मतांचा आकडा प्रचंड होता. त्यावरून बाबासाहेब आणि मेहतांनी निवडणूक याचिकाही केली. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले.

१९५७ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ‘मुंबई शहर मध्य’ या द्विसदस्य जागेवरून कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने लोकसभेत पोहोचले. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

मुंबईच्या राजकारणाचा हा धडा शाळेत शिकवायलाच हवा. तुमच्या घरातल्या जुन्याजाणत्यांना या निवडणुका आठवतात का? कमेंटमध्ये नक्की लिहा.