बोलता बोलता : लेखांक 17
उराउरीचा शब्द

‘प्रमाण’ या शब्दाला या आठवड्यात हात घालायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या खेपेला. कारण ‘सम’ आणि ‘समान’ या शब्दांवर आधी लिहिलेलं वाचून वाशीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं: “उठता-बसता तोंडात असतो तो ‘बरोबर’ राहिलाच की! आणि त्यातला ‘बर’ म्हणजे आपलं ‘बरं’च ना? की ‘बरखास्त’मधला?” एवढा नेमका प्रश्न दोन ओळींत उरकणं जिवावर येतं. म्हणून आज फक्त ‘बरोबर’.

हे तीन ‘बर’ तीन घरचे आहेत. ‘बरा, बरी, बरं’ हे संस्कृत ‘वर’चे वंशज. वर म्हणजे निवडलेलं, उत्तम. मांडवातला वरही त्याच घरातला. ‘बरखास्त’मधला बर फारसी आणि त्याचा अर्थ ‘वर’. बरखास्त म्हणजे वर उठलेला, बसलेली सभा उठली ती. ‘बडतर्फ’मध्येही तोच आहे, मूळ ‘बरतर्फ’. या बरचं जुनं रूप ‘अबर’, आणि त्याहून मागं गेलं की तो संस्कृत ‘उपरि’चा सख्खा भाऊ निघतो. म्हणजे ‘पाटी वर ठेव’मधला आपला ‘वर’ आणि बरखास्तमधला ‘बर’ एकाच आजोबांचे नातू.

‘बरोबर’मधला बर या दोघांहून निराळा. तो आहे छाती. फारसीत बर म्हणजे छाती, आणि ‘बराबर’ म्हणजे बर-आ-बर, छातीला छाती. दोघं समोरासमोर उभे राहिले, छातीची पातळी एक आली, की ते बराबर. या बरची जुनी वाट अवेस्तातल्या ‘वरह्’पर्यंत जाते, आणि त्याचा संस्कृत जोडीदार आहे ‘उरस्’. आपला ऊर!

आता आपला ‘उराउरी’ आठवा. बऱ्याच दिवसांनी भाऊ भेटला की माणसं उराउरी भेटतात. मधल्या ‘आ’नं जोडलेलं तेच अंग दोनदा. बर-आ-बर आणि उर-आ-उरी, घडण तीच आणि खोलवर धातूही तोच. एकानं इराणची वाट धरली, दुसऱ्यानं भारताची, आणि कितीतरी शतकांनी दोघं मराठीत पुन्हा एकत्र आले. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला याहून मोठं सुख नसतं.

या घडणीचे आणखी पाहुणे आपल्याकडं आहेत. ‘लबालब’ म्हणजे ओठाला ओठ, काठोकाठ. ‘मालामाल’ तर सगळ्यांना ठाऊक. आणि ज्याच्यावर शाळेत गुण अडतात तो ‘सरासरी’! सर म्हणजे डोकं, सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मिळून. सगळं मिळून जे हाती येतं ती सरासरी.

मग बराबरचा ‘बरोबर’ कसा झाला? मला वाटतं, मराठीच्या कानानं तो आपल्या चालीवर बसवला. दारोदार, गावोगाव, हातोहात, रातोरात अशी जोडी आपण ‘ओ’नं बांधतो, त्याच रांगेत बरोबर जाऊन बसला. पण भूम तालुक्यातल्या ईट गावाकडं जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘बराबर’ ऐकू येतं. शाळेत मुलानं ‘बराबर हाय’ म्हटलं की त्याला ‘बरोबर आहे’ असं म्हणायला लावतात. त्यात ‘हाय’चं काय करायचं ते गुरुजींनी ठरवावं, पण ‘बराबर’ला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. मुळाच्या जवळ तोच आहे. (पुढच्या वेळच्या ‘प्रमाण’मध्ये हा धागा पुन्हा येणार आहे.)

अर्थाचा प्रवास तर त्याहून सुरस. फारसीत हा शब्द ‘समान’ आणि ‘समोर’ या अर्थांनी चालतो. तिथं ‘दोबराबर’ म्हणजे दुप्पट. हिंदीत मुख्यतः समान. मराठीनं मात्र त्याला केवढं राबवलं! ‘माझ्याबरोबर चल’ यात तो सोबती झाला. (‘सोबत’ही तिकडचीच, मूळ सोहबत.) ‘बरोबर चार वाजता’ यात तो घड्याळाचा काटा झाला. ‘उत्तर बरोबर’ यात सत्य झाला.

समान असलेला शब्द खरा कसा ठरतो हे पाहायचं असेल तर तागडी आठवावी. भूम तालुका खव्याचा. इलेक्ट्रिक काटे येण्याआधी खवा तागडीनंच जोखला जायचा. एका पारड्यात खव्याचा गोळा, दुसऱ्यात वजनं. जोखणारा दांडी उचलायचा, पारडी खालीवर व्हायची, वरचा काटा डुलत डुलत मधोमध थांबायचा, आणि घेणारा म्हणायचा, “बराबर.” त्या एका शब्दात दोन्ही पारडी समान आहेत हेही आलं आणि माप खरं आहे हेही आलं. हे दोन अर्थ तिथं वेगळे काढताच येत नाहीत. मोकळी पारडी समतोल नसतील तर हलक्या बाजूला खडा बांधायचे, तो ‘पासंग’. त्यातला ‘संग’ म्हणजे फारसीत दगड. एखादा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा बरोबरी फार लांब राहिली, तो या खड्याएवढाही भरत नाही.

बरोबरी नसली की काय होतं हे या भागानं पैशात भोगलं आहे. ईट मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि जवळचं खर्डा इंग्रजी मुलखात. 1795 ची मराठे-निजाम लढाई झाली तेच खर्डा. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. दोन्ही रुपयेच, पण सहा कलदारांना साधारण सात हाली मोजावे लागत. या फरकाला व्यवहारात शब्द होता ‘बट्टा’. नाण्याला बट्टा लागायचा, तसाच पुढं माणसाच्या नावालाही लागू लागला. हाली रुपया 1959 मध्ये चलनातून पुरता गेला, नावाला लागणारा बट्टा भाषेत राहिला.

आता गणिताच्या वहीकडं वळू. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं 1557 मध्ये समानतेसाठी दोन समांतर रेघांची खूण वापरली. दोन समांतर रेघांहून अधिक समान काय असणार, असं त्याचं म्हणणं. आपली पोरं ती खूण ‘दोन अधिक दोन बरोबर चार’ अशी वाचतात. शेजारी शेजारी, एकाच लांबीच्या दोन रेघा. त्या खुणेला हाच शब्द मिळाला हे मला फार आवडतं.

पत्रातला शेवटचा प्रश्न असा होता, की हा शब्द परका म्हणून टाकावा का? माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्या अभ्यासाबद्दल मला अपार आदर आहे. तरी ‘बरोबर’ टाकायला मी तयार नाही. त्याच्या जागी ‘सह’, ‘समान’, ‘अचूक’, ‘योग्य’ असे चार शब्द कामाला लावावे लागतील, आणि मागणी करणाऱ्याला ‘तुझं बरोबर आहे’ म्हणताना जो आपलेपणा येतो तो त्या चौघांत मिळूनही यायचा नाही.

बराबर, बरुबर, बरबर... तुमच्या गावात जुनी माणसं काय म्हणतात, ते गावाच्या नावासह कळवा. पुढच्या आठवड्यात ‘प्रमाण’ नक्की.