गाडी ट्रॅफिकमध्येच तापते? आधी रेडिएटरचा पंखा तपासा

*वाहन सल्ला : भाजीपाला वाहतूक करणाऱ्या सभासदांसाठी*

सकाळी मेथी-कोथिंबीर भरून गाडी माणमधून व्यवस्थित निघते. हिंजवडीच्या शिवाजी चौकात नाहीतर भूमकर चौकात दहा-पंधरा मिनिटं अडकली, की टेंपरेचरचा काटा वर चढायला लागतो. वाकडला हायवेवर आली की काटा आपोआप खाली येतो. तुमच्या गाडीचं असं होत असेल, तर रेडिएटर बदलायची घाई करू नका. बहुतेक वेळा दोष पंख्याचा असतो.

आपल्या एका सभासदाच्या जुन्या व्हॅनचं हेच झालं. गॅरेजमध्ये रेडिएटर बदलायला सांगितला, त्यांनी बदलला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तापली. शेवटी सापडलं काय, तर पंख्याच्या अर्थिंगचा बोल्ट गंजलेला! तोवर दोन दिवसांची पालेभाजी वाया गेली होती. म्हणून आजचा सल्ला.

*पंख्यावरच संशय का?*
ट्रॅक्टरचा पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन चालू तोवर तोही चालू. मारुती ८००, ओमनी अशा गाड्यांचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो आणि पाणी तापल्यावरच सुरू होतो. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, तेव्हा पंख्याची गरज नसते. गाडी थांबली की वारा बंद, मग सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून *फक्त उभी असताना तापते = पंखा. पळतानाही तापते = पाणी कमी, रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप.*

*करंट कसा जातो?*
बॅटरी → फ्यूज → रिले → मोटर → अर्थिंग. रिलेला हुकूम देतो थर्मोस्विच. पाणी साधारण ९० ते ९८ अंशांच्या आसपास गेलं की हा स्विच जोडला जातो, रिले 'टक्' आवाज करतो आणि पंखा फिरतो. यातली एक कडी तुटली तरी पंखा बंद. आपल्याला फक्त तुटलेली कडी शोधायची आहे.

⚠️ *आधी हे वाचा*
• गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की तेच पाणी वाफेसकट तोंडावर उडतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा.
• बऱ्याच गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. हात घालण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा.
• सीएनजी किंवा एलपीजी किट असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर वायरला हात लावू नका. ठिणगी उडाली तर जिवावर बेतेल.

*तपासणी, याच क्रमाने (गाडी थंड असताना सुरुवात करा)*

*१) पाणी पहा.* पाणी कमी असेल तर थर्मोस्विचभोवती पाण्याऐवजी हवा राहते. मग इंजिन तापलं तरी स्विचला कळत नाही आणि पंखा लागत नाही. पाणी पूर्ण भरून पुन्हा बघा. सारखं कमी होत असेल तर गळती शोधा.

*२) पंखा हाताने फिरवा.* मायनस वायर काढूनच. सहज फिरला पाहिजे. जड फिरत असेल, अडकत असेल, तर मोटर जाम आहे. पातं तुटलंय का, चिखल किंवा पेंढा अडकलाय का, तेही पहा. यानंतर मायनस वायर परत जोडा.

*३) फ्यूज पहा.* आतली तार तुटली असेल तर त्याच आकड्याचा नवा फ्यूज टाका. छोट्या गाडीचा पंखा साधारण ७ ते १० अँपिअर करंट घेतो. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकली तर फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे.

*४) मोटर डायरेक्ट करून पहा.* मोटरचा कपलर काढा. फ्यूज लावलेल्या दोन जाड वायरी घेऊन बॅटरीचा प्लस-मायनस थेट मोटरला द्या, उलटसुलट होऊ देऊ नका. पंखा फिरला नाही तर मोटर गेली. बऱ्याचदा फक्त कार्बन झिजलेले असतात, इलेक्ट्रिशियन ते बदलून देतो. पूर्ण मोटर घेण्याआधी हे विचारा.

*५) अर्थिंग पहा.* डायरेक्ट दिल्यावर पंखा जोरात फिरतो, पण गाडीच्या वायरिंगवर फिरत नाही किंवा हळू फिरतो? कपलर परत जोडा. बॅटरीच्या मायनसपासून एक जादा वायर मोटरच्या अर्थिंगला लावा आणि पंखा लागायच्या वेळी पहा. आता नीट फिरला तर अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस लावा. मुळशीच्या पावसात हा दोष दर एक-दोन वर्षांनी परत येतो.

*६) रिले पहा.* हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून पहा. चार पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या जागा वायरने जोडल्या आणि पंखा फिरला, तर पुढचं वायरिंग व मोटर ठीक आहे. दोष रिलेत किंवा थर्मोस्विचच्या बाजूला आहे.

*७) थर्मोस्विच पहा.* कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत चावी ऑन करा, स्विचचा कपलर काढा आणि त्यातल्या दोन वायरी एकमेकींना जोडा. एकच वायर असेल तर ती इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला टेकवा. पंखा लगेच फिरला तर स्विच खराब. नवा स्विच तितक्याच अंशांचा घ्या.
👉 *एमपीएफआय गाडीत असं करू नका.* तिथे पंखा कॉम्प्युटर चालवतो, चुकीची वायर जोडली तर तो जळू शकतो. अशा गाडीत सेन्सरची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्या.

*मोटरचं काम करून आणलंय?*
वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढच्या जाळीवर कागद धरा. पंखा चालू झाल्यावर कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडून लांब गेला तर वायरी उलट्या आहेत.

*पंखा डायरेक्ट करून घ्यावा का?*
बरेच जण स्विच बदलण्याऐवजी पंखा चावीवर डायरेक्ट करतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक. कायम तसंच ठेवलं तर मोटर लवकर झिजते आणि बॅटरीवर लोड येतो. डॅशबोर्डवर बटण लावायचंच असेल तर फ्यूज आणि रिलेमधूनच लावा. साध्या बटणातून एवढा करंट गेला की ते वितळतं.

*रस्त्यात काटा वर गेला तर*
एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. त्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. तरी काटा खाली येत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. माल वाचवायला "अजून दोन किलोमीटर" असं करू नका, दुसऱ्याच्या गाडीत माल हलवा. हेडचं पॅकिंग उडालं तर खर्च मोठा आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजमध्ये. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आला, तर पॅकिंग गेल्याची खूण समजा आणि गाडी चालवू नका.

*दर महिन्याला पाच मिनिटं*
गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. काटा मध्यावर किंवा थोडा वर आला की पंखा लागतो का, आणि थोड्या वेळाने बंद होतो का, एवढं पहा. रेडिएटरची जाळी साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. बोअरचं पाणी आत भरू नका, क्षार साठतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

संकलनाच्या आदल्या संध्याकाळी एकदा पंखा बघून घ्या. चौकात अडकल्यावर बघण्यापेक्षा ते बरं.

हा मेसेज जपून ठेवा आणि आपल्या ड्रायव्हरलाही पाठवा.